वाचक विचारतात : अमेरिकेची मशीन, युरोपची मशीन आणि आपला बोर्ड

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेत आता ड्रिल, ग्राइंडर, करवतीही असतात. शिवाय बंद पडलेल्या कारखान्यांचा माल जुन्या बाजारात येतो. त्यामुळे या वेळी एकाच धाटणीची पत्रे बरीच जमली. त्यातली निवडक घेतली आहेत. एक विनंती : पत्रासोबत मशीनच्या नावपट्टीचा फोटो पाठवा. कंपनीचे नाव आणि रंग यांवरून आम्हाला काही कळत नाही. व्होल्ट, हर्ट्झ आणि अँपिअर यांवरून जवळपास सगळे कळते.

प्रश्न : भाऊ, माह्या जावयानं अमेरिकेतून लाकूड कापायची गोल करवत आणली. पिन बदलून बोर्डात लावली तर अशी जोरात फिरली का इचारू नका, अन् अर्ध्या मिनिटात धूर निघाला. काहून जळली? वाचते का आता? (शेतकरी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : जोरात फिरली तेव्हाच जळायला लागली होती. पट्टीवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, १५ अँपिअर असे असणार. अमेरिकेत घरच्या सॉकेटला १२० व्होल्ट येतात, युरोपात आणि आपल्याकडे २३०. म्हणजे तुम्ही तिला १.९ पट दाब दिला. अशा मोटरमध्ये दाब वाढला की करंटही तसाच वाढतो, म्हणून आत गेलेली ताकद झाली पावणेचार पटीच्या आसपास. तेवढी उष्णता बाहेर टाकायची सोय मोटरीच्या पंख्यात नसते. वाइंडिंगवरचे वार्निश वितळते, वेढे एकमेकांना चिकटतात आणि धूर येतो. पात्याचे नशीब चांगले म्हणायचे. पात्यावर कमाल फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो, तो ओलांडला की दातांवरचे कार्बाइडचे तुकडे गोळीसारखे सुटू शकतात.

हर्ट्झचा इथे दोष नाही. कार्बन असलेली मोटर (ड्रिल, ग्राइंडर, गोल करवत, हातातला रंधा या सगळ्यांत तीच असते) ५० आणि ६० हर्ट्झमध्ये भेद करत नाही. तिला फक्त व्होल्ट कळतात.

वाचते का, हे घरी तपासता येते. पिन काढा, दोन्ही बाजूंच्या टोप्या उघडून कार्बन बाहेर घ्या. आर्मेचरवर (मोटरच्या फिरणाऱ्या भागावर) तांब्याच्या पट्ट्यांचे कडे दिसेल. मल्टिमीटर ओहमच्या सर्वांत खालच्या रेंजवर ठेवून शेजारशेजारच्या दोन-दोन पट्ट्यांवर गोल फिरत रीडिंग घ्या. सगळीकडे सारखे आले तर आर्मेचर शाबूत आहे. एखाद्या जोडीत एकदम वेगळे आले, किंवा एक पट्टी काळी पडून वर उचलली असेल, तर ते गेले. मग फील्डच्या (बाहेरच्या स्थिर भागाच्या) दोन्ही कॉइल वेगवेगळ्या मोजा, त्यांचा आकडा एकमेकांशी जुळला पाहिजे. वेग कमी-जास्त करायचे छोटे सर्किट असेल तर ते गेले असेच धरा.

आर्मेचर गेले असेल तर रिवाइंडिंगवाल्याला "जसे होते तसेच भर" म्हणू नका, नाहीतर पुन्हा १२० ची मशीन हातात येईल. २३० साठी वेढे जवळपास दुप्पट आणि तारेचा छेद निम्मा लागतो, तोही आर्मेचर आणि फील्ड दोन्हीत. याहून सोपे म्हणजे त्याच मॉडेलचे २३० व्होल्टचे आर्मेचर आणि फील्ड मिळते का ते पाहणे. बऱ्याच कंपन्या दोन्ही बाजारांसाठी सांगाडा एकच वापरतात. विकत घेण्याआधी चार गोष्टी जुळवा : आर्मेचरची लांबी, टोकावरच्या दातांची संख्या, दोन्ही बेअरिंगचे नंबर, पंख्याचा व्यास. एकही चुकली तर घेऊ नका.

पुढच्या वेळी ट्रान्सफॉर्मर लावा. अमेरिकन पट्टीवर बहुधा वॅट लिहिलेले नसतात, अँपिअर असतात, म्हणून हिशेब स्वतः करायचा : १५ × १२० = १८००. सुरू होताना करंटचा झटका याहून कितीतरी मोठा असतो, तेव्हा ट्रान्सफॉर्मर ३ केव्हीएचा घ्या. २३० च्या बाजूला तो पूर्ण लोडवर १३ अँपिअर ओढतो, म्हणजे १६ अँपिअरचे सॉकेट हवे, ६ चे नाही. दुकानात दोन जाती दाखवतील. ऑटो ट्रान्सफॉर्मर हलका आणि स्वस्त असतो, पण त्यात आत-बाहेरची तार एकच असते. खालचा वेढा तुटला की मशीनवर सरळ २३० येतात. आयसोलेशनचा जड असतो, महागही पडतो. शेतावर ओल्या जमिनीत काम असेल तर तोच घ्या. प्रवासाला नेतात ते मुठीएवढे कन्व्हर्टर मोटरीसाठी नाहीत.

आणि अमेरिकन चपटी पिन कापू नका. ट्रान्सफॉर्मरवरच चपट्या पिनेचे सॉकेट बसवून घ्या. मशीनला आपली गोल पिन लावली की उद्या घरातले कोणीतरी ती बोर्डात लावणारच. वायर बदलायचीच वेळ आली तर रंग लक्षात ठेवा : अमेरिकेत काळी म्हणजे फेज, पांढरी न्यूट्रल, हिरवी अर्थ. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल. काळ्याला काळी जोडणारा मिस्त्री इथेच फसतो.

प्रश्न : जुन्या मालातून अमेरिकन उभी ड्रिल मशीन घेतली. ट्रान्सफॉर्मर लावला तरी अर्ध्या तासात मोटरला हात लावता येत नाही आणि फेऱ्याही कमी वाटतात. ट्रान्सफॉर्मर खराब आहे का? (फर्निचर कारागीर, परतवाडा)

उत्तर : ट्रान्सफॉर्मर बरोबर आहे. इथे मोटरीची जात वेगळी आहे. उभ्या ड्रिलला, बेंच ग्राइंडरला, मोठ्या टेबल करवतीला इंडक्शन मोटर असते, तिच्यात कार्बन नसतात आणि तिला हर्ट्झ कळतात. पट्टीवर १७२५ फेऱ्या लिहिल्या असतील. त्या ६० हर्ट्झच्या आहेत. आपल्या ५० वर ती साधारण १४४० ने फिरणार, त्याला इलाज नाही. तापण्याचे कारणही तेच. व्होल्टला हर्ट्झने भागा : तिच्या देशात ११५ ÷ ६० = १.९२. तुमच्याकडे ११० ÷ ५० = २.२. लोखंडातले चुंबकत्व पंधरा टक्क्यांनी जास्त झाले, लोखंडी गाभा (कोअर) चुंबकत्वाने भरून गेला आणि मोटर रिकामी फिरतानाही जादा करंट खाते आहे. ट्रान्सफॉर्मरला ९५ किंवा १०० व्होल्टचा टॅप काढून घेतला की हिशेब १.९ ते २ वर येतो आणि मोटर थंड राहते. ताकद मात्र फेऱ्यांच्या प्रमाणात थोडी कमी मिळेल.

दुसरा धोका कपॅसिटरचा. सुरू होताना लागणारी वाइंडिंग आतला सेंट्रिफ्युगल स्विच तोडतो, आणि तो ६० हर्ट्झच्या पूर्ण वेगाच्या पाऊण भागावर, म्हणजे १३५० फेऱ्यांच्या आसपास उघडेल असा बसवलेला असतो. आपल्याकडे मोटरची धावच १४४० पर्यंत. संध्याकाळी दाब पडला आणि ड्रिल सागाच्या गाठीत अडकले की ती १३५० च्या बरीच खाली येऊ शकते, मग स्विच पुन्हा जुळतो, आणि दोन-चार मिनिटांत कपॅसिटर फुटतो किंवा स्टार्टिंग वाइंडिंग जळते.

काही मोटरींच्या झाकणाखाली ११५/२३० असा दुहेरी जोडणीचा नकाशा असतो. तो पाहून २३० वर जोडली तर ट्रान्सफॉर्मर वाचतो, पण २३० ÷ ५० = ४.६ आणि २३० ÷ ६० = ३.८३, म्हणजे चुंबकत्व वीस टक्क्यांनी जास्त होते आणि मोटर आणखी तापते. हे करू नका.

आमचे मत स्पष्ट आहे : मोटर काढा आणि आपल्या बाजारातली १४४० फेऱ्यांची अर्ध्या अश्वशक्तीची बसवा. ड्रिलचा बाकी लोखंडी भाग उत्तम असतो, मोटरीच्या नादात तो भंगारात जाऊ देऊ नका. बसवताना दोन अडचणी येतील. अमेरिकन मोटरचा शाफ्ट बहुधा पाच सुती, म्हणजे १५.९ मिमी असतो. आपल्याकडच्या मोटरींचा फ्रेमप्रमाणे १४ किंवा १९ मिमी. पुली नवीन लागेल. पायांची छिद्रेही जुळणार नाहीत, मध्ये ८ मिमीची लोखंडी प्लेट टाकून नवी छिद्रे पाडा. जुना वेग हवा असेल तर मोटरकडची पुली १.२ पट मोठी घ्या, ३ इंचाच्या जागी ३.६. साडेतीन इंचाची सहज मिळते, तेवढ्याने भागते.

प्रश्न : बांबूकामासाठी आमच्या गटाला युरोपातली टेबल करवत मिळाली. लाइन गेली अन् परत आली की ती आपोआप सुरू होत नाही, उठून हिरवे बटण दाबावे लागते. संध्याकाळी तर मधेच बंद पडते. मिस्त्री म्हणतात स्विच खराब आहे, डायरेक्ट करून देतो. करू द्यावे का? (महिला बचत गट, कुरखेडा तालुका, जि. गडचिरोली)

उत्तर : ताई, अजिबात करू देऊ नका. ते बिघडलेले नाही, ते तसेच बनवलेले आहे. बटणाच्या मागे एक छोटी कॉइल आहे. वीज असेपर्यंत ती संपर्क धरून ठेवते, वीज गेली की सोडते. युरोपच्या नियमांत टेबलावरच्या करवतीला हे लागतेच. कारण साधे आहे. लाइन गेली, कोणी पात्याजवळ अडकलेली कामटी काढायला हात घातला, आणि लाइन आली. आपल्याकडे दिवसातून कितीदा लाइन जाते ते तुम्हाला सांगायला नको. ज्या मशीनला असा स्विच नसेल तिला तो बाहेरून बसवून घ्या. अमेरिकन टेबल करवतीवर मोठे लाल फलक असलेले बटण असते. त्यातली सगळीच वीज गेल्यावर बंद अवस्थेत जात नाहीत, म्हणून तपासा : मशीन चालू ठेवून मेन स्विच पाडा, दहा सेकंदांनी उचला. पाते फिरले तर स्विच बदला.

संध्याकाळी बंद पडते ते दाबामुळे. अशा कॉइलला पकडायला साधारण ८५ टक्के व्होल्ट लागतात, म्हणजे १९५ च्या खाली हिरवे बटण दाबूनही ती धरेलच असे नाही. दाब आणखी पडला की चालू असलेलीही सुटते. करवत लाकडात असताना सॉकेटवर मल्टिमीटर लावा. रिकाम्या बोर्डावरचे रीडिंग उपयोगाचे नाही. १९० च्या खाली येत असेल तर आधी वायर आणि जोड पाहा, मग मोटरच्या ताकदीच्या दुप्पट केव्हीएचा स्टेबलायझर. तेवढा घेणे शक्य नसेल तर सकाळी कापणी, संध्याकाळी विणकाम, अशी वाटणी करा.

मशीन थ्री-फेजची असेल आणि पाच पिनांचे लाल टोपण असेल तर जोडणी करणाऱ्याला हे वाचून दाखवा : युरोपच्या आजच्या वायरीत तपकिरी, काळी आणि करडी या तीन फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. आपल्याकडे लाल, पिवळी, निळी या फेज आणि काळी न्यूट्रल. म्हणजे निळी आणि काळी या दोन्ही बरोबर उलट्या. रंगावर न जाता टर्मिनलची अक्षरे पाहून आणि मीटरने मोजूनच जोडा. पाते उलटे फिरले तर कोणत्याही दोन फेज अदलाबदल करा, न्यूट्रलला हात लावू नका.

पात्याच्या मागे, पात्यासोबत वर-खाली होणारे पातळ पोलादी पान असेल, तेही काढू देऊ नका. चिरलेला बांबू मिटून पात्याला चिमटतो आणि तुकडा तुमच्या अंगावर येतो, ते पान ही चिमट अडवते. नवीन पाते आणताना मापे घ्या : पान पात्याच्या चकतीपेक्षा जाड आणि दातांच्या कापापेक्षा बारीक हवे. चकती १.८ आणि काप २.८ मिमी असेल तर २.२ ते २.५ मिमीचे पान चालते. अमेरिकेतही २०१४ पासून हे पान बंधनकारक झाले, त्याआधीच्या जुन्या मशीनवर ते बहुधा नसते.

प्रश्न : दोन पत्रे एका जातीची आहेत. वरोऱ्याच्या वेल्डिंग दुकानातून विचारले आहे की साडेचार इंची अमेरिकन ग्राइंडरचा नट हरवला, आपल्याकडचा बसतो का? आर्वीच्या एका सुताराची राउटरचे (लाकडात खाच पाडायच्या मशीनचे) बिट सटकते अशी तक्रार आहे.

उत्तर : नट बसत नाही, उलट अदलाबदलीत मात्र बसल्यासारखा वाटतो. अमेरिकन ग्राइंडरचा स्पिंडल पाच सूत, इंचाला ११ आटे. युरोपचा एम-१४, म्हणजे १४ मिमी व्यास, २ मिमी आटा. आपल्या चार इंची ग्राइंडरचा बहुतेक एम-१०. तुमच्या पाच सुती स्पिंडलवर एम-१४ चा नट चढणारच नाही, तिथे धोका नाही. धोका उलट्या बाजूला आहे. पाच सुती नट एम-१४ च्या स्पिंडलवर टाकला तर आट्यांची फक्त टोके एकमेकांना टेकतात, पान्याने आवळला की घट्ट वाटतो, आणि पहिल्या झटक्याला सुटतो. दुकानात दोन्ही जातींच्या मशीन असतील तर नट मशीनला तारेने बांधून ठेवा.

चकतीचे मात्र जमते. साडेचार आणि पाच इंची चकतीचे भोक दोन्हीकडे २२.२३ मिमी, आपल्या चार इंचीचे १६ मिमी. १६ ची चकती कानसीने मोठी करून लावतात, ती कधीही मध्यावर बसत नाही. चकतीवर वेग पाहा : ८० मीटर प्रति सेकंदाच्या चकतीवर युरोपच्या पद्धतीने लाल पट्टी असते. ११५ मिमीला हे १३,३०० फेऱ्या, १२५ ला १२,२५० आणि २३० ला ६,६५० होतात. मोठी चकती छोट्या ग्राइंडरला गार्ड काढून लावणारे इथेच मरतात. मधल्या पत्र्याच्या कड्यावर वर्ष-महिना ठोकलेला असतो, ती मुदत आहे. चिकटवायचे रेझिन ओलावा पिते, पावसाळ्यात जमिनीवर ठेवलेली चकती मुदतीआधीच बाद समजा.

आर्वीच्या कारागिराचे दुखणे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपासचे आहे. अमेरिकन राउटरचा कॉलेट (बिटाची दांडी पकडणारी बाही) दोन सुती, ६.३५ मिमी. युरोपी बिटाची दांडी ६ मिमी. ०.३५ चा फरक डोळ्याला दिसत नाही, पण कॉलेट एवढा आवळत नाही. वीस हजार फेऱ्यांवर बिट हळूहळू खाली उतरते, खाच खोल होत जाते, आणि शेवटी सुटते. चार सुती (१२.७) आणि १२ मिमीचे तसेच. व्हर्नियरने दांडी मोजा आणि त्याच मापाचा कॉलेट घ्या. कागद किंवा पत्रा गुंडाळून बसवू नका. कॉलेट आधीच आतून घासला असेल तर तोही बदला, बिटाच्या दांडीवर काळे ओरखडे दिसले की समजा.

गोल करवतीच्या पात्यांतही हीच गोष्ट : अमेरिकेत सव्वासात इंची (१८४ मिमी) पात्याला पाच सुती भोक, युरोपात १९० मिमीला ३० किंवा २० मिमी. मोठ्या भोकाचे पाते छोट्या शाफ्टवर पोलादी रिंग टाकून चालते, पण रिंग पात्याच्या चकतीपेक्षा जाड नसावी, नाहीतर नट रिंगवरच आवळला जातो. १९० चे पाते १८४ च्या गार्डमध्ये घासते का ते हाताने फिरवून पाहा.

प्रश्न : मालावर सीई, यूएल असे छापलेले असते. गिऱ्हाईक विचारते यातले चांगले कोणते. काय सांगावे? (हार्डवेअर दुकानदार, वाशीम)

उत्तर : दोन्ही वेगळ्या जातीचे शिक्के आहेत. सीई हे बहुतेक हातमशीनच्या बाबतीत बनवणाऱ्याने स्वतः दिलेले प्रतिज्ञापत्र आहे : युरोपचे नियम मी पाळले, असे तोच म्हणतो. कागद तयार ठेवायचे आणि मागितले की दाखवायचे. यूएल ही अमेरिकेतली तपासणी संस्था आहे, ती नमुना स्वतः तपासते आणि कारखान्यालाही भेटी देते. म्हणून डब्यावर नुसते सीई असलेल्या अनोळखी मालाला जास्त मार्क देऊ नका. यूएल पाहतानाही शिक्का कशावर आहे ते बघा. पुष्कळदा तो फक्त वायरीवर कोरलेला असतो, म्हणजे वायर पास झाली, मशीन नाही.

गंमत अशी की सुरक्षेचा मूळ मजकूर आता दोन्हीकडे जवळपास एकच आहे. आंतरराष्ट्रीय आयईसी ६२८४१ मानकावरून युरोपचे ईएन ६२८४१ आणि अमेरिकेचे यूएल ६२८४१ निघाले. फरक उरला तो विजेत, आट्यांत आणि शिक्का कोण मारतो यात. एका बाबतीत युरोप पुढे आहे : मशीनच्या पुस्तकात कंपन आणि आवाज यांचे आकडे छापावेच लागतात.

गिऱ्हाइकाला पट्टीवरचा चौकोनात चौकोन दाखवा. ते चिन्ह असेल तर मशीन दुहेरी इन्सुलेशनची आहे, तिला दोनच तारा असतात आणि अर्थ लागत नाही. चिन्ह नसेल आणि बॉडी लोखंडी असेल तर तिसरी पिन अर्थला पोचलीच पाहिजे. एक्स्टेंशन विकताना पिन-सॉकेटवर आयएस १२९३ आणि वायरवर आयएस ६९४ पाहून विका.

प्रश्न : विहिरीच्या खडकात १५०० वॅटचे ब्रेकर चालवतो. बोर्डापासून विहीर १०० मीटर. मशीन दम धरत नाही. इंग्लंडमध्ये बांधकामावर ११० व्होल्ट वापरतात असे ऐकले, तसे करावे का? (वरुड, जि. अमरावती)

उत्तर : आधी दम का धरत नाही ते पाहू. तुमची वायर दीड स्क्वेअरची (दीड चौरस मिमी छेदाची) असेल तर जाऊन-येऊन २०० मीटर तांब्याचा रोध २.७ ओहमच्या आसपास होतो. ६.५ अँपिअरला १७ व्होल्ट वायरीतच गेले. बोर्डावरच २०० असतील तर मशीनला १८३ मिळतात. ४ स्क्वेअरची घेतली तर तोटा साडेसहा व्होल्टवर येतो. वायरीचे रीळ पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते.

इंग्लंडचे खरे आहे. त्यांच्या पिवळ्या ट्रान्सफॉर्मरची ११० ची बाजू मधोमध अर्थला बांधलेली असते, म्हणून कोणत्याही तारेला हात लागला तरी जमिनीच्या तुलनेत ५५ व्होल्टच लागतात. ओल्या विहिरीत हे सोन्यासारखे आहे. पण ११० वर तेवढ्याच कामाला दुप्पटीहून थोडा जास्त करंट लागतो, आणि बोर्डापाशी ट्रान्सफॉर्मर ठेवून तीच दीड स्क्वेअरची वायर ओढली तर ११० पैकी ३५ च्या वर व्होल्ट वाटेतच जातील. म्हणून २३० ची ४ स्क्वेअर वायर विहिरीच्या काठापर्यंत, तिथे कोरड्या फळीवर ट्रान्सफॉर्मर, आणि खाली १५-२० मीटर ११० ची ४ स्क्वेअर. ट्रान्सफॉर्मर विहिरीत उतरवायचा नाही. त्यावर लिहिलेले केव्हीए बहुधा थांबत-थांबत चालवण्याचे असतात, सलग चालवायचे तर निम्मे धरा. मशीनही ११० चीच घ्यावी लागेल.

हे जमत नसेल तर बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज जमिनीत गळू लागली की लाइन तोडणारा स्विच) बसवा आणि दर आठवड्याला तिचे टेस्ट बटण दाबा. अमेरिकन मशीनच्या वायरीवर कधीकधी याच कामाचा ५ मिलिअँपिअरचा डबा असतो. तो जास्त नाजूक, पण १२० चाच आहे, २३० वर लावू नका.

कंपनाबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो. युरोपात आठ तासांच्या दिवसासाठी दोन रेषा आहेत : २.५ ला उपाय सुरू करा, ५ ला थांबा. पुस्तकात कंपन १२ मीटर प्रति सेकंद वर्ग लिहिले असेल तर ट्रिगर दाबलेल्या २१ मिनिटांत पहिली रेषा येते आणि ८३ मिनिटांत दुसरी. बोटे पांढरी पडून बधिर होऊ लागली असतील तर दोन माणसे आळीपाळीने लावा. थंडीतल्या सकाळी हे लवकर होते.

प्रश्न : भावाकडे २० व्होल्टची अमेरिकन ड्रिल, माझ्याकडे त्याच कंपनीची १८ ची. बॅटरी एकमेकींना चालेल? (पुसद)

उत्तर : बहुधा एकच आहेत. आत ३.६ व्होल्टचे पाच सेल, ५ × ३.६ = १८. पूर्ण भरल्यावर प्रत्येक ४.२ म्हणजे २१. अमेरिकेत भरलेल्या बॅटरीच्या जवळचा आकडा छापून '२० मॅक्स' म्हणतात, युरोपात चालू आकडा. १२ आणि १०.८ चेही तसेच. खाच जुळत असेल तर चालते. चार्जर मात्र वेगळा : त्यावर १००-२४० लिहिले असेल तरच बोर्डात लावा, नुसते १२० असेल तर आपल्याकडचा घ्या.

प्रश्न : अमेरिकन कॉम्प्रेसरला आपले अर्धा इंची फिटिंग बसले, पण हवा सुटते. टेप गुंडाळून थकलो. (पंक्चर दुकान, हिंगणघाट)

उत्तर : अर्ध्या इंचाला दोन्हीकडे इंचाला १४ आटे, म्हणून ते आत जाते. पण आपल्या बीएसपी आट्याचा कोन ५५ अंश आणि त्यांच्या एनपीटीचा ६०, त्यामुळे आट्यांच्या फटीतून हवा वाट काढते. टेपने ती भरत नाही. पाव इंचाला तर १९ आणि १८ आटे, तिथे जोर लावला की पितळ चिरते. एका बाजूला एनपीटी आणि दुसऱ्या बाजूला बीएसपी असलेला जोड नागपूरला हायड्रॉलिक फिटिंगच्या दुकानात मागा. एनपीटीच्या बाजूला टेपचे तीन-चार वेढे द्या, आट्याच्या दिशेने, पहिला आटा मोकळा सोडून. मग साबणाचे पाणी लावून पाहा.